बाईंचा कोरा पेला

डॉ. शांताबाई उमरेडकर यांना मी प्रथम पाहिले, तेव्हा त्या कांदे निवडत होत्या. सत्तरचे दशक नुकतेच लागले होते. नागपूरच्या आमच्या महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागाच्या अगदी शेवटच्या खोलीत, टेबलभर कांदे पसरून त्या बसल्या होत्या. कँटीनच्या कुणी असाव्यात असे समजून मी विचारले, "उमरेडकर मॅडम कुठे भेटतील?" वर न पाहता त्या म्हणाल्या, "बस गा, येतीलच त्या. तोवर या कांद्याच्या जुन्या मुळ्या खरवड." दहा मिनिटे मी इमानदारीत मुळ्या खरवडल्या. मग त्या म्हणाल्या, "झाली तुझी मुलाखत. हात हळुवार आहे तुझा. उद्यापासून संशोधनाला ये."

बाई उमरेडच्या विणकरांच्या घरातल्या. लहानपणी परटाच्या घरी कपड्यांवर खूण करायच्या बिब्ब्याशी खेळताना तो त्यांच्या हातावर उतला. आईने खोबरेल तेल लावता लावता सांगितले, की वैदू हाच बिब्बा गाठीवर देतात. कातडी जाळणारे हे तेल आतली गाठही जाळत असेल का, हा प्रश्न तेव्हा जो डोक्यात शिरला, तो बाईंनी साठीपर्यंत सोडला नाही. त्यांच्या मनगटावरचे काळे डाग याच कामाचे. ते झाकण्यासाठी त्यांनी कधी लांब बाह्यांचे पोलके शिवले नाही.

आमच्याकडे मोठी यंत्रे नव्हती, कांदे होते. पाण्याच्या पेल्यावर कांदा ठेवायचा, कोवळी मुळे फुटली की ती बिब्ब्याच्या द्रावणात सोडायची, दुसऱ्या दिवशी मुळांची टोके रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली मेलेल्या पेशी मोजायच्या. बिब्ब्याचे तेल पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्यात थोडे अल्कोहोल घालत असू. आणि दर खेपेला शेजारी एक पेला असा, की ज्यात तेवढेच पाणी, तेवढेच अल्कोहोल, पण बिब्बा नाही; पेशी अल्कोहोलनेच तर मेल्या नाहीत ना, हे त्यावरून कळे. बाई त्याला 'कोरा पेला' म्हणत. एखाद्याचे लग्न ठरले, तरी त्या विचारायच्या, "कोरा पेला पाहिला नं गा?" आम्ही हसायचो.

आता जे लिहितो आहे, ते आजवर बाईंखेरीज कुणाला सांगितलेले नाही. तेल नीट विरघळावे म्हणून एका खेपेला मी अल्कोहोल दुपटीने वाढवले. कोरा पेलाही नव्याने ठेवायला हवा होता. मी कंटाळा केला आणि वहीतले जुनेच आकडे उतरवले. पेशी ढिगाने मेल्या होत्या. बाई हरखल्या, तरी त्यांनी विचारलेच. मी म्हणालो, "हो बाई, पाहिला."

महाविद्यालयातल्या एका व्याख्यानात बाईंनी हा निकाल सांगितला आणि आठवड्याभरात एका वर्तमानपत्रात आले, की बिब्ब्याने कर्करोग बरा होतो. त्यात कांद्याचा उल्लेखसुद्धा नव्हता.

त्यानंतर बळीराम नावाचे उमरेडचे एक विणकर विभागात आले. "बाई जी, माह्या घरवालीच्या गळ्यात गाठ आहे. दवाखान्यात किरणांचा शेक देऊन राहिले होते, पण तिले गिळणंच होत नव्हतं. पेपरात वाचलं अन् शेक बंद केला. तुमचा रस देऊन द्या."

त्यांना व्हरांड्यात बसवून बाई माझ्याकडे वळल्या. त्यांनी काही विचारण्याआधीच माझ्या तोंडून निघाले, "बाई, कोरा पेला मी ठेवलाच नव्हता."

त्या रागावल्या नाहीत. पर्स उचलून त्या बळीरामजींबरोबर उमरेडच्या एस.टी.त बसल्या आणि मलाही बसवले. सबंध वाटेत एकच वाक्य बोलल्या, "खिडकी लाव गा, धूळ येऊन राहिली."

बंद मागाशेजारी गिरजाबाई निजल्या होत्या. बाई जमिनीवरच त्यांच्याजवळ बसल्या. "गिरजाबाई, पेपरात आलं ते खरं नाही वं. बिब्ब्याचं अजून काहीच ठरलं नाही. चूक माझी झाली, मी तपासलं नाही."

बळीरामजी म्हणाले, "आठ दिवस गेले नं बाई तिचे."

"हो," बाई म्हणाल्या, "माझ्यामुळे गेले."

मी दारात उभा होतो. तोंड उघडायची माझी हिंमत झाली नाही.

"मंग आता मी काय करू जी?" गिरजाबाईंनी विचारले.

"शेक घ्यायचा. माझ्या घरी राहून घ्यायचा. गिळता येईल असं मी करून घालीन."

शेक संपेपर्यंत गिरजाबाई नागपुरात सक्करदऱ्याला बाईंच्या घरी होत्या. रोज सकाळी बाई पेज गाळून, निववून त्यांना चमच्याने भरवत आणि मग विभागात येत. गिरजाबाई बऱ्या झाल्या. त्याचे श्रेय कुणी बिब्ब्याला देऊ लागले, की बाई आजही तिथल्या तिथे थांबवतात, "शेकानं झाल्या त्या."

वर्तमानपत्रात खुलासा छापून आला तो एकट्या बाईंच्या नावाने. पुढे वर्षभर लोक त्यांना 'कांदेवाल्या बाई' म्हणून हसले. मी मात्र सुखरूप राहिलो. आम्ही सगळे प्रयोग पुन्हा केले. बहुतेक पेशी अल्कोहोलनेच मारल्या होत्या. बिब्बाही पेशी मारतो, पण वाढणाऱ्या निरोगी पेशींनाही सोडत नाही, एवढेच हाती लागले आणि बाईंनी तेवढेच छापले. त्याच कामावर मला पदवी मिळाली.

बाईंवरच्या या गौरवग्रंथासाठी मी लिहितो आहे हे कळल्यावर बाईंनी निरोप पाठवला, "त्या पेल्याचं लिहू नको गा, तुले पोरं शिकवायची आहेत." बाईंचा शब्द मी आयुष्यात दुसऱ्यांदा मोडतो आहे. उमरेडला त्या ज्या चुकीला 'माझी' म्हणाल्या, ती माझी होती. बाई, ती मी आज सर्वांसमक्ष परत घेतो. हे वाचून माझ्यावर मनसोक्त रागवायला, आणि आणखी पुष्कळ वर्षे आमचे पेले तपासायला, तुम्हांला निरोगी दीर्घायुष्य लाभो.