कोणाले सांगू नको

तांडापेठेत बाबनराव पराते यांना ‘कॉम्प्युटरवाले बाबनराव’ म्हणतात, आणि ते स्वतःही कोणी तसं म्हटल्याशिवाय वळून बघत नाहीत. तीस वर्षं हातमागावर लुगडी विणली, माग मोडीत निघाला, तसा त्याच खोलीत टेबल टाकून बाहेर पाटी लावली : ‘येथे सर्व ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’. गडी हुशार, यात वाद नाही. पण एक गोष्ट पेठेत कोणालाच ठाऊक नव्हती. रोज सकाळी देवाजवळ उदबत्ती लावून झाली, की कॉम्प्युटर सुरू करून पासवर्ड टाकायची त्यांची बायको, पुष्पलता. बाबनरावांना तो ठाऊकच नव्हता. आधी विचारायचं राहून गेलं, मग विचारायची लाज वाटू लागली. अडतीस वर्षांच्या संसारात अशा दोन-चार लाजा प्रत्येकाच्या घरात असतात. तुमच्याही असतील, बोलत नाही तुम्ही.

पुष्पलताबाई भाचीच्या पोराच्या बारशाला खाप्याला जायला निघाल्या, तेव्हा बाबनरावांनी गुपचूप कामठीच्या भाच्याला, विक्कीला बोलावलं. “हे मशीन पासवर्ड न मागता आपोआप सुरू होईल असं कर गा.” विक्कीनं पाच मिनिटांत केलं, चहा प्यायला आणि गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सव्वाचारला पेठेतलीच मयुरी धावत आली. नर्सिंगला तिचा नंबर लागला होता, मेरिटमध्ये. पाच वाजेपर्यंत साइटवर जाऊन सीट पक्की करायची, नाहीतर ती पुढच्या पोरीला जाणार. फॉर्म इथंच भरलेला. त्याचा पासवर्ड ब्राउझरनंच सुचवलेला, वीस-बावीस अक्षरांचा, आणि ब्राउझरच्याच पोटात ठेवलेला.

“बस, पोरी. दोन मिनिटांचं काम.”

ब्राउझर उघडला आणि मधोमध एक चौकट उभी राहिली. चाब्यांचा जुडगा, म्हणजे साठवलेल्या पासवर्डांची पेटी, बंद आहे, उघडायला पासवर्ड द्या. बाबनरावांनी ती बंद केली. पुन्हा आली. पुन्हा बंद केली. तिसऱ्यांदा साइट उघडली खरी, पण पासवर्डची जागा कोरी. रोज तिथं काळे ठिपके आपोआप येऊन बसायचे.

“काका, नवीन पासवर्ड मागवू?”

“ओटीपी कोणाच्या फोनवर येते?”

“बाबांच्या.” मयुरीचा चेहरा उतरला. वैभव, तिचा बाप, बुटीबोरीच्या मिलमध्ये दुसऱ्या पाळीला होता. तिथं फोन गेटवर जमा करावा लागतो. शिफ्ट सुटणार रात्री अकराला.

चार पंचवीस. बाबनरावांनी विक्कीला फोन लावला.

“काय करून ठेवलं गा हे? चाब्या मागून राहिलं मशीन!”

“मामा, मामी रोज पासवर्ड टाके ना, त्याच्यानं मशीनही खुले अन् जुडगाही. आता मशीन आपोआप खुलते, जुडग्याले कोण खोलणार?”

“मंग तोडून टाक ना त्याले!”

“तोडता येते. पण आतले सगळे पासवर्ड जातीन. मामीलेच विचारा, तोच पासवर्ड चालते.”

बाबनरावांनी मयुरीकडे पाठ केली आणि खाप्याला फोन लावला. मागं बाया पाळणा म्हणत होत्या.

“अवं, पासवर्ड काय आहे?”

“कोणाले सांगू नको.”

“नाही सांगत. बोल लवकर.”

“कोणाले सांगू नको!”

“अवं, इथं पोरीचा जीव चालला अन् तू गंमत काहून करून राहिली?”

“अवो, कोणाले—सांगू—नको!” आणि आवाज तुटला. पुन्हा लावला, तर फोन बंद.

मयुरीनं सगळं ऐकलं होतं. पेठेतलं सर्वांत जुनं गुपित फुटलं होतं, पण हसायला तिला सवड नव्हती. चार चाळीस. बाबनरावांनी बायकोचं नाव टाकलं, तिच्या माहेरचं गाव टाकलं, लग्नाची तारीख टाकली. प्रत्येक वेळी चौकट हलली आणि जागच्या जागी राहिली. मयुरी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. इतकं घट्ट, की बोट पांढरं पडलं.

“काका, तोडूनच बघायचं का?”

माऊस जुडगा तोडायच्या बटणावर गेलाही होता. बाबनराव थांबले. मागावर बसणाऱ्याला एक सवय असते. कापडात खोट इथं दिसली, तरी धागा तुटलेला असतो मागं कुठंतरी. घाईनं कात्री लावली, की अख्खं लुगडं वाया. बोटानं चाचपत मागं जायचं. ते डोळे मिटून मागं गेले : विक्की, फोन, पाळणा, पुष्पलता... आणि एकदम उठून उभे राहिले.

“पोरी, माही बायको कोणतीच गोष्ट दुसऱ्यांदा सांगत नाही. एकदा सांगते अन् मंग भांडे आपटते. आज तीनदा काहून सांगितलं?”

मयुरी बघतच राहिली. मग तिनं कीबोर्ड ओढून घेतला आणि तीन शब्द जोडून टाकले.

चूक.

चार एकावन्न. मयुरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “नाही हो काका, नाही उघडत.”

“काय लिवलं?”

“कोणालासांगूनको.”

“कोणाला?” बाबनराव कडाडले. “आमच्या घरात ‘कोणाला’ कोण म्हणते वं? कॉलेज ठेव तिकडं! कोणा-ले लिव्ह, ले!”

तिनं एक अक्षर बदललं. चौकट गेली. कोऱ्या जागेत काळे ठिपके ओळीनं येऊन बसले.

चार सत्तावन्नला सीट पक्की झाली. पावतीचा कागद प्रिंटरमधून पुरता बाहेर आला, तसा मयुरीनं तो दोन्ही हातांनी उचलला.

झालं होतं असं, की मशीन आणलं त्या दिवशी विक्की म्हणाला होता, “मामी, पासवर्ड टाक, अन् कोणाले सांगू नको.” बाईंनी तेच टाकलं. ती भाबडी की बेरकी, हे बाबनरावांना अजून कळलेलं नाही.

मयुरी कागद छातीशी धरून दारापर्यंत गेली आणि वळली. आता मात्र हसू फुटत होतं तिला. “काका, म्हणजे रोज काकूच मशीन सुरू करून देत होत्या?”

बाबनरावांनी एकदा बाहेरच्या पाटीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

“कोणाले सांगू नको,” ते म्हणाले.