आगगाडीचा नांगर

हरी गेल्याची बातमी मला मासळीवालीने सांगितली. रोजच्यासारखी ती सकाळी दारात आली, पण डोक्यावरची टोपली खाली उतरवली नाही. म्हणाली, "आज काय घेऊ नका वो. तुमचे हरीसर गेले पहाटेस. आमची सगळी तिकडंच चाललीत. मी पन टोपली टाकतंय नि जातंय." मी हातातलं भांडं आत ठेवलं आणि चपला घातल्या... त्या दिवशी मिरकरवाड्यातून, म्हणजे रत्नागिरीच्या कोळीवाड्यातून, एकही होडी समुद्रात गेली नाही. गणिताच्या प्रोफेसरासाठी होड्या थांबल्याचं मी तरी दुसरीकडे कुठं ऐकलेलं नाही.

आता काही आठवडे लोटलेत. हरीच्या गणितावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत, आणि त्यांनी लिहिलंही आहे. मला गणित कधीच आलं नाही. मी आयुष्यभर ग्रंथालयात पुस्तकं लावली. मला लिहायचं आहे ते सारं रत्नागिरी त्याला हसत होतं त्या एका उन्हाळ्याविषयी. ते पाहिलेले आता फारसे कुणी उरले नाहीत.

एकोणीसशे पंचविसाच्या आगेमागेची गोष्ट. आम्ही दोघं एका वर्गात होतो. माझे वडील कचेरीत कारकून, आणि हरीचे वडील पांडू तांडेल. त्या काळी मुंबईची आगबोट किनाऱ्याला लागत नसे. लांब खोल पाण्यात नांगर टाकून उभी राही, आणि उतारूंना तिच्यापर्यंत पडावातून नेत. पांडू तांडेलाचा तसा एक मोठा पडाव होता. सुट्टीच्या दिवशी हरी त्यावर वल्हं मारायला असे. तिथूनच त्याच्या डोक्यात गणित शिरलं. भरती रोज थोडी उशिरा का येते, हे तो आधी बापाला विचारी, मग खलाशांना, आणि शेवटी आमच्या गणिताच्या मास्तरांना. मास्तर म्हणाले, "याचं खरं उत्तर कॉलेजात मिळेल. मला येतं तेवढं मी सांगितलं." त्यांनीच त्याला मुंबईच्या त्या कॉलेजचं नाव सांगितलं. तिथे मोठे गणिती शिकवत, आणि गणित घेणाऱ्या दोघाचौघांना वसतिगृहात राहणं-जेवणं फुकट होतं. हरीला दुसऱ्या कुठल्या कॉलेजात जाणं परवडण्यासारखंच नव्हतं. म्हणजे कॉलेज ते एकच. नाहीतर आगबोटीच्या एजंटाकडे तिकिटं फाडायची नोकरी, जिच्यासाठी बापाने शब्द टाकूनच ठेवला होता.

मॅट्रिकला इंग्रजीच्या पेपरात निबंधाला तीन विषय आले : आगगाडीचा प्रवास, थंड हवेच्या ठिकाणची सुट्टी, आणि प्राणिसंग्रहालयाला भेट. रत्नागिरीच्या पोरांनी यातलं काय पाहिलेलं असणार! आगगाडी मीही पाहिली नव्हती. पण मी गाइडातला निबंध घोकून गेलो होतो, आणि त्यातला काळोखा बोगदा, खिडकीतून मागे पळणारी झाडं, सगळं जसंच्या तसं उतरवून आलो. हरीला घोकणं जमत नसे. न समजलेली ओळ त्याच्या डोक्यात टिकतच नसे. त्याने आगगाडीच घेतली, आणि जो प्रवास त्याला ठाऊक होता तो लिहिला.

पेपर सुटला की शाळेच्या ओट्यावर हेडमास्तर एकेकाला विचारत, काय लिहिलंस. हरीने सरळपणे सांगितलं. गाडी स्टेशनापासून थोडी लांब उभी राहते. उतारूंना लहान गाड्यांतून तिच्यापर्यंत नेतात. वरून शिडी सोडतात. शिटी झाली की नांगर उचलतात. बायका लिंबू हुंगत आडव्या होतात, आणि पावसाळ्याचे चार महिने आगगाडी बंद असते.

हेडमास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "अरे मेल्या, आगगाडीला नांगर टाकलास, तर सुकाणू तेवढं का सोडलंस?"

"ते राहिलंच सर," हरी म्हणाला. अगदी मनापासून, एखादा मुद्दा सुटल्याची हळहळ वाटावी तसं.

त्या दिवसापासून त्याचं नाव 'नांगर' पडलं. बाजारातून जाताना दुकानदार ओरडत, "नांगर, गाडी कधी सुटते रे?" बंदरावर खलाशी तेच विचारत. तोही उत्तर देई, "भरती आली की!" हसणाऱ्यांत तो स्वतः पुढे असे. पण निकाल लागला तेव्हा त्याचं हसू गेलं. गणितात तो सगळ्या शाळेत पहिला होता. इंग्रजीत मात्र काठावर पास, आणि त्यामुळे सगळा निकालच शेवटच्या रांगेत जाऊन पडला. माझा निकाल त्याच्याहून कितीतरी वर होता... गाइडातल्या बोगद्याच्या कृपेने.

तरी त्याने त्या कॉलेजला अर्ज केला. हेडमास्तरांनी त्याला बोलावून घेतलं. तसे ते माणूस वाईट नव्हते, पण शाळेच्या नावाला फार जपत. "तिथून पहिल्या वर्गातली मुलं परत येतात," ते म्हणाले. "तुझे मार्क पाहून तिथला प्रिन्सिपॉलसाहेब काय म्हणेल? रत्नागिरीत हेच शिकवतात म्हणेल. शाळेची शोभा करू नकोस." आठवड्याभराने कॉलेजचं उत्तर आलं : उमेदवारांना अमक्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेब भेटतील, इतके कमी गुण असणाऱ्यांनी आशा धरू नये.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं किनाऱ्यावर गेलो. पावसाळ्यासाठी आगबोटी बंद झाल्या होत्या. पांडू तांडेल आपला पडाव वर ओढून त्याच्यावर माडाच्या झापांचं छप्पर घालत होता.

"काय म्हनतो सायब?" त्याने न वळताच विचारलं.

"आशा धरू नको म्हणतो."

"येव नको म्हनतो काय?"

"तसं नाही लिहिलेलं."

"मंग जा की."

"बाबा, उगाच कशाला? सगळं ठरलेलंच आहे त्यांचं."

तांडेल झाप खाली ठेवून आमच्याकडे वळला. "बोटीनं नांगर उचलला, तरी उशिरा आलेला उतारू घेऊन आपन वल्हवत जाताव का नाय? हाकारे घालताव का नाय? कप्तान शिव्या देतो. पुष्कळदा तसाच निघून जातो. पन कवातरी शिडी सोडतो. जो बंदरावरच बसून ऱ्हायला, त्याला कोन शिडी सोडनार?" मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमी पन जा वो याच्यासंगती. वाटेत गाडीला वल्हं शोधत बसंल."

समुद्राची वाट बंद, म्हणून आम्ही मोटारीने आंबा घाट चढून कोल्हापूर गाठलं. तिथे आम्ही दोघांनी पहिल्यांदा आगगाडी पाहिली. मी तिच्या आवाजानेच दबून गेलो होतो. हरी मात्र इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत चालत गेला, वाकून चाकांच्या मागे पाहिलं, परत आला आणि गंभीरपणे म्हणाला, "नाही रे. खरंच नाही." फलाटावरचे लोक बघायला लागेपर्यंत आम्ही हसत होतो. मग सारा प्रवासभर तो खिडकीशी बसून होता. पुण्याच्या पुढे घाटात समोरच्या बाकावरच्या एका बाईला गरगरायला लागलं. तिने कनवटीचं लिंबू काढलं, हुंगलं आणि ती आडवी झाली. हरीने माझ्या बरगडीत असं कोपर मारलं की ते दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होतं.

कॉलेजच्या व्हरांड्यात मुलांची गर्दी होती. कोट घातलेली, इंग्रजीत हळू बोलणारी मुलं. हरीच्या अंगात माझ्या काकांचा कोट होता, बाह्या पंजावर येणारा. त्याचं नाव पुकारलं तसा तो आत गेला, आणि मी दाराशी उभा राहिलो. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. मग एकदम साहेब हसला. मोठ्याने. थोड्या वेळाने पुन्हा हसला.  हेडमास्तर खरे ठरले, शाळेची शोभा झाली, असं मला वाटलं. त्या हसण्याच्या मागे काय चाललं होतं, ते मला नंतर हरीने सांगितलं. पुढे ते मी त्याच्याकडून इतक्यांदा सांगवून घेतलं की आता मी तिथे होतो असंच वाटतं.

साहेबाने कागद पाहून विचारलं होतं, गणितात असे गुण मिळवणारा मुलगा इंग्रजीत असा कसा? हरी म्हणाला, निबंध आगगाडीवर होता आणि मी आगगाडी पाहिली नव्हती.

"मग दुसरा विषय का नाही घेतलास?"

"तिन्हींपैकी काहीच पाहिलं नव्हतं, सर. आगगाडीत निदान उतारू असतात, आणि उतारू मी पाहिले होते."

साहेबाने त्याला तो निबंध आठवेल तसा सांगायला लावला. हरीने तो सगळा सांगितला, लहान गाड्या, शिडी, लिंबू, नांगर. तेव्हा साहेब हसला होता. हसून झाल्यावर त्याने विचारलं, "इथे कसा आलास?"

"आगगाडीने, सर. काल."

"मग आता त्या निबंधात काय बदलशील?"

हरीने थोडा विचार केला. "नांगर काढीन. शिडी काढीन. पावसाळ्यात बंद राहते तेही काढीन. लिंबू ठेवीन, सर. लिंबू बरोबर होतं."

इथे साहेब दुसऱ्यांदा हसला, आणि मग त्याने गणिताच्या प्रोफेसरांना बोलावून घेतलं. त्यांनी फळ्यावर प्रश्न घातले. हरीने ते सोडवले, आणि एकाच्या शेवटी म्हणाला, "मला एक विचारायचं आहे." भरती रोज उशिरा का येते, हे त्याने त्यांना विचारलं. प्रोफेसरांनी खडू घेतला. मुलाखत द्यायला गेलेला पोरगा आणि त्याची मुलाखत घेणारा प्रोफेसर, दोघं फळ्याशी उभे राहून चंद्र आणि पृथ्वी काढत होते, आणि बाहेर उमेदवार ताटकळले होते. शेवटी साहेबच कंटाळून म्हणाला, "उरलेलं वर्गात शिकवा. मुलगा आता आपलाच आहे."

हरी बाहेर आला तेव्हा बाहीला खडू लागलेला. मी विचारलं, "नाही म्हणाले ना?" तो म्हणाला, "अरे, चंद्रच ओढतो पाण्याला. आणि चंद्र स्वतःही रोज पुढे सरकलेला असतो!" त्याला घेतलं की नाही हे कळायला मला त्याचे खांदे धरून गदागदा हलवावं लागलं.

मीही मुंबईतच दुसऱ्या एका कॉलेजात राहिलो. दिवाळीपूर्वी आगबोटी पुन्हा चालू झाल्या होत्या, आणि आम्ही सुट्टीला बोटीने घरी आलो. बोटीला भिडलेला पडाव पांडू तांडेलाचाच होता. पडावात मागच्या बाजूला सुकाणूजवळ एक कोरडी फळी असते. ती मामलेदार, डॉक्टर अशांसाठी राखून ठेवत. बाकीचे उतारू पाण्याचे शिंतोडे खात बसत. हरी सवयीप्रमाणे उतरला, धोतर खोचलं आणि वल्ह्याशी गेला. तांडेलाने त्याच्या हातातलं वल्हं काढून घेतलं.

"तिकडं बस," त्याने फळीकडे बोट केलं.

"बाबा, मी मारतो वल्हं."

"बस म्हंतोय ना मुकाट. आज तू उतारू हायस."

हरी बसला. शिडीवरून एक जाडगेले वकील उतरत होते. जागा भरलेली पाहून ते थबकले. "इथं कोण बसलंय रे तांडेल?" तांडेलाने पडाव दणाणेल अशा आवाजात सांगितलं, "आमचा पोरगा हाय वो! मुंबैला कालिजात अस्तो. सरका थोडं, दोघांस जागा हाय." वकीलसाहेब खरोखरच अंग चोरून हरीच्या शेजारी बसले. धक्क्यावर हेडमास्तर कुणाला तरी घ्यायला आले होते. त्यांनी हरीला पाहिलं, जवळ येऊन पाठीवर थाप मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आमच्या शाळेचा आहे हो!"

पुढे पदवीला गणितात तो विद्यापीठात पहिला आला. तिसाव्या सालानंतर त्याच कॉलेजात, त्याच फळ्याशी, तो शिकवायला उभा राहिला. हे सारं इतरांनी लिहिलंच आहे. निवृत्त होऊन तो मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला घर बांधून राहिला, आणि तिथे एक रीत आपोआप पडली. मॅट्रिकचा निकाल लागला की ज्यांचा निकाल मनासारखा लागला नाही ती मुलं त्याच्या पडवीत येत. कुणी बोलावत नसे. हरी त्यांचे मार्क शेवटी विचारी. आधी विचारी, तुला शिकायचंय काय? त्याचं उत्तर मिळालं की मग दोघं मिळून अर्ज लिहीत, जिथे मिळणार नाही असं सगळे सांगत तिथेच पहिला. पुष्कळांना नकार येई. पण दरवर्षी कुणालातरी शिडी सुटे.

या वर्षी निकाल लागला तो हरीचं तेरावं होऊन गेल्यावर. मी सकाळीच हरीच्या घरी वहिनींना, त्याच्या बायकोला, भेटायला गेलो. पाहतो तर त्यांनी पडवी झाडून सतरंजी घातलेली.

"वहिनी, आता कोण येणार?" मी म्हटलं.

"ज्यांना ठाऊक नाही ते येतील," त्या म्हणाल्या. "त्यांना उन्हात उभं का ठेवायचं?"

थोड्या वेळाने संगमेश्वराकडची एक मुलगी आली, बरोबर तिचे वडील. पहाटेच्या एस.टी.ने निघालेले. "सर आहेत?" मुलीने विचारलं. वहिनींनी सर गेल्याचं सांगितलं. वडिलांनी छत्री मिटली. मुलगी पायऱ्या उतरायला वळली, तशा वहिनी म्हणाल्या, "बस गो. सर नसले म्हणून काय झालं? हे भाऊजी आहेत."

मी आयुष्यात कुणाला चार प्रश्न सलग विचारलेले नाहीत. मुलगी सतरंजीच्या कडेला बसून पिशवीतून गुणपत्रिका काढायला लागली. मी म्हटलं, "ती असू दे. तुला शिकायचंय काय?"

तिने गुणपत्रिका परत पिशवीत सारली. मग खालच्या मानेनं म्हणाली, "दगड." आणि मग वर पाहून सांगायला लागली. त्यांच्याकडे विहीर खणताना जांभ्याखाली कसा वेगळाच काळा दगड लागतो, त्याच्याखाली काय असेल, ते कुठं शिकवतात... बोलता बोलता तिचा हात जमिनीवर थर काढत होता. तिचे वडील तिच्याकडे असे बघत होते की जणू ही मुलगी त्यांनी आजच पाहिली.

आतून वहिनींचा आवाज आला, "भाऊजी, चहा किती जणांचा टाकू?"

मी फाटकाकडे पाहिलं. खालून आणखी तिघं चढण चढून येत होती.