पडद्यावरची वेल

१२ जानेवारी २००७. चार बाटल्या, एक हजार चारशे साठ रुपये. मारुतराव शेलारांनी पाचशेच्या तीन नोटा पुढे केल्या. महेंद्र खरातने सगळे खिसे चाचपले, तरी परत द्यायचे चाळीस रुपये काही निघेनात. पुढच्या फेरीला देतो, तो म्हणाला. मारुतरावांनी मान हलवली, बाटल्यांचं खोकं छातीशी धरलं आणि पायानेच दार लोटून घेतलं.

महेंद्र तेव्हा पन्नाशीला टेकला होता. कारेगावच्या एका कारखान्याची कामगारांची गाडी त्याने बरीच वर्षं चालवली होती. कंत्राट दुसऱ्याकडे गेलं आणि तो शिरूरला घरी बसला. वर्षभराने इंद्रजीतदादांनी त्याला बोलावून घेतलं. इंद्रजीतचा मळा तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढे होता. वडिलांनी जन्मभर ऊस केला. मुलगा बाहेर शिकून आला आणि त्याने वाइनची द्राक्षं लावली. कारखाना काढला, शिरूरला परवान्याचं दुकान घातलं, आणि सगळ्यांत नवलाचं म्हणजे इंटरनेटवर विक्री सुरू केली. लोक कॉम्प्युटरवर माल मागवत, आणि ज्याच्याकडे पिण्याचा परवाना असेल त्याच्या घरी महेंद्र तो मारुती व्हॅनमधून पोचवी. सोमवार-गुरुवार पुणे, शुक्रवारी न्हावऱ्यावरून दौंड.

घरात रोज सकाळी बुद्धवंदना होत असे. महेंद्रची आई पार्वतीबाई पंचशील म्हणताना पाचव्या शीलापाशी आली की मुलाकडे बघून थांबायची. मद्य न पिण्याचं ते शील.

"जरा मोठ्यानं म्हन," ती एकदा म्हणाली. "म्हंजी गाडीतल्या बाटल्यांना बी ऐकू जाईल."

महेंद्र हसला. आपण घोटसुद्धा घेत नाही, नुसता माल पोचवतो, एवढंच तो म्हणाला. पण त्याची बी.कॉम. झालेली मुलगी करुणाही त्याच कंपनीत लागली, त्या दिवशी म्हातारी जेवली नाही.

करुणाचं काम ऑफिसात बसून होतं. ग्राहक कॉम्प्युटरवर काही विचारायचे आणि ती 'मैत्रेयी' या नावाने उत्तरं लिहायची. मैत्रेयी नावाची कुणी बाईच नव्हती. फोटो कुठल्या तरी मुलीचा, माहिती इंद्रजीतची, शब्द करुणाचे. मटणाबरोबर कोणती वाइन घ्यावी, बाटली उभी ठेवावी की आडवी, हे जिने कधी वाइनचा वासही घेतला नव्हता ती मुलगी पुण्या-मुंबईच्या लोकांना सांगत होती, आणि लोक आभार मानत होते.

पण इंद्रजीतची खरी करामत वेलीची होती. नाव नोंदवणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला पडद्यावर द्राक्षाची एक वेल मिळे. तिला हवं ते नाव द्यायचं. बाटलीच्या बुचावर एक आकडा छापलेला असे. बूच काढून तो आकडा पडद्यावर टाकला की वेलीला पाणी मिळे आणि एक घड धरे. शंभर घड झाले की खऱ्या मळ्यात त्या नावाची पाटी लागणार होती. पाणी मिळालं नाही तर पानं पिवळी पडत. मग कॉम्प्युटर उघडा असला की वाळल्या पाल्यातून कुणी चालत असल्यासारखा आवाज येई. छाटणीनंतर पडलेल्या पाल्यावर स्वतः चालून इंद्रजीतने तो आवाज भरून घेतला होता. वेल पुरती वाळली की ग्राहकाला फोन करायचा, बरे आहात ना म्हणून विचारायचं आणि नवी ऑर्डर घ्यायची. तेही करुणाचंच काम.

आकडा लेबलावर का छापला नाही, असं महेंद्रने एकदा विचारलं होतं.

"लेबलावर छापला तर लोक बाटल्या साठवून ठेवतील, मामा," इंद्रजीत म्हणाला. "उघडली की संपते. संपली की दुसरी लागते."

मारुतराव रेल्वेत गार्ड होते. दौंडला स्टेशनच्या पलीकडे त्यांनी निवृत्तीच्या पैशांतून घर बांधलं होतं. बायको, पुतळाबाई, दोन वर्षांमागे गेली होती. मुलगा मस्कतला. त्यानेच बापाला कॉम्प्युटर घेऊन दिला, की बोलता येईल; पण मुलाचं बोलणं आठवड्यावरून महिन्यावर गेलं आणि कॉम्प्युटर तेवढा राहिला. दिवाळीला कुणी तरी वाइनची बाटली भेट दिली. तिच्या बुचावरचा आकडा त्यांनी नुसता गंमत म्हणून टाकून बघितला. वेलीला नाव विचारलं तेव्हा त्यांनी 'पुतळा' असं लिहिलं.

दुसऱ्या फेरीला महेंद्रने चाळीस रुपये काढले, तर मारुतराव घेईनात.

"राहू द्या तुमच्याकडंच," ते म्हणाले. "देणेकरी माणूस परत येतो. देऊन टाकलंत की खोकं दारात टाकून पळाल."

तेव्हापासून ती थट्टाच झाली. महेंद्र आला की ते आधी चाळीस रुपयांची आठवण करत, व्याज किती झालं ते सांगत आणि मग त्याला आत बोलावून चहा करत. चहा होईतो महेंद्र समोरच्या पडद्याकडे बघत बसे. मांडवावर चढलेली हिरवी वेल, पानं हलताहेत, खाली 'पुतळा'. एकदा मारुतरावांनी सांगितलं की तिला बागेची फार हौस, पण नोकरीभर क्वार्टरांतच राहिलो. एक वेल लावावी तर बदली यायची. आता मळ्यात तिच्या नावाची पाटी लागेल. हे सांगताना त्यांचा हात कपाबरोबर हलत होता आणि बशीत चहा सांडत होता. फेब्रुवारीत तो हात असा हलत नव्हता, हे महेंद्रच्या ध्यानात आलं.

चाराच्या सहा बाटल्या झाल्या, सहाच्या बारा. एप्रिलपर्यंत मारुतरावांचे डोळे पिवळसर दिसू लागले आणि पाय सुजले. बूच नुसतं काढून घ्या, वाइन ओतून द्या, असं महेंद्रने त्यांना सांगून बघितलं. त्यावर ते खरोखरच रागावले. पैसे मोजून घेतलेली वस्तू मोरीत ओतायची? गाडीत उरलेला डबासुद्धा त्यांनी कधी टाकला नव्हता. उघडलेली बाटली दोन दिवसांत आंबट होते असं मैत्रेयीबाईंनीच कळवलं होतं, म्हणून ते ती त्याच दिवशी संपवत. त्यांना ती आवडत नव्हती. नाक मुरडून, औषधासारखी पीत होते.

मे महिन्यात 'पुतळा'ची पानं पिवळी पडली. आठवड्याने वेल वाळली. नेमाप्रमाणे करुणाने फोन लावला. बऱ्याच वेळाने कुणी तरी उचलला, आणि नुसता घरघर आवाज आला. तिने महेंद्रला निरोप दिला. तो तेव्हा न्हावऱ्यात होता. तसाच दौंडला गेला. मारुतराव कॉटखाली पडले होते, फोनची वायर हातात. कॉम्प्युटर चालू होता आणि त्यातून पाल्यात पावलं वाजत होती. त्यांना गाडीत घालताना महेंद्रला तो आवाज थेट दारापर्यंत ऐकू येत राहिला.

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. लिव्हर गेल्यात जमा आहे. यापुढे एक पेला घेतला तरी हमी नाही. मारुतराव चार दिवसांनी घरी आले आणि त्याच संध्याकाळी त्यांची बारा बाटल्यांची ऑर्डर आली. वेल वाळली होती, ती पुन्हा जगवायला हवी होती.

महेंद्र इंद्रजीतकडे गेला. या माणसाला माल बंद करा, म्हणाला. इंद्रजीतने शांतपणे ऐकून घेतलं. त्याच्या मागे भिंतीवर त्या महिन्याच्या मानाच्या ग्राहकाचा फोटो होता, आणि तो मारुतरावांचाच होता.

"मामा, आपण कुणाच्या तोंडात ओतत न्हाई," इंद्रजीत म्हणाला. "परवाना हाय, वय हाय, पैसे हायेत. मी न्हाई म्हणणारा कोण? तुम्हाला जमत नसेल तर दुसरा ड्रायव्हर बघतो. करुणाचं काम चांगलं चाललंय, तिचं मात्र नुकसान होऊ नये."

धमकी दिली असं म्हणता येणार नाही. आवाजही चढला नव्हता. पण महेंद्र बाहेर येऊन बराच वेळ व्हॅनचं दार न उघडता उभा राहिला. पगार दोघांचा याच घरातून येत होता.

रस्ता करुणाने काढला. बुचावरचा आकडा चुकीचा छापला गेला तर ऑफिसातून वेलीला पाणी देता येत असे. शिवाय इंद्रजीतच्या मित्रांच्या वेलींसाठी एक सोय होती. एक खूण केली की वेल कायम हिरवी. विकत काही न घेता.

"पुतळाला कायम पाण्यावर टाकते," ती बापाला म्हणाली. "घडही शंभर करते. दादांना कळायचं नाही. शेकडो वेली आहेत, कोण बघतंय?"

"आन् त्यांना काय सांगशील?"

"मैत्रेयी सांगेल."

मैत्रेयीने मारुतरावांना लिहिलं की आपल्या वेलीची मुळं आता खोल गेली आहेत, तिला यापुढे पाण्याची गरज नाही. उत्तर लगेच आलं. बरं झालं, पुतळा आता वाळायची नाही. पाटी कधी लागेल ते कळवा. आलेली ऑर्डर त्यांनी स्वतःच रद्द केली. महेंद्रने घरी आईला हे सांगितलं. पार्वतीबाईने त्या रात्री त्याला स्वतःच्या हाताने वाढलं.

जून सरला, जुलै गेला. दौंडची फेरी चालू होती, पण स्टेशनच्या पलीकडे जायचं कारण उरलं नव्हतं. एका शुक्रवारी महेंद्र त्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. चाळीस रुपये वरच्या खिशात होते. तेवढ्यात मागून ट्रक हॉर्न देऊ लागला, वळायला जागा नव्हती, आणि गाडीत पाच घरांचा माल होता. पुढच्या शुक्रवारी जाऊ, असं म्हणून त्याने गाडी पुढे घेतली. संध्याकाळी त्याने करुणाला विचारलं. 'पुतळा' हिरवीगार आहे, ती म्हणाली. त्याला बरं वाटलं.

ऑगस्टमध्ये इंद्रजीतने ग्राहकांसाठी प्रश्नांचा एक खेळ सुरू केला आणि करुणाला सगळ्यांना निरोप पाठवायला सांगितलं. मारुतराव मैत्रेयीच्या प्रत्येक निरोपाला उत्तर देत, अगदी दोन ओळींचं तरी. या वेळी आलं नाही. तिने पुन्हा लिहिलं, पाटी तयार आहे, असं. तरी नाही. मग ते शेवटचं कॉम्प्युटरवर कधी आले होते ते तिने बघितलं, आणि उठून बापाला शोधत गोडाऊनमध्ये आली. तिचा चेहरा बघून महेंद्रने हातातलं खोकं खाली ठेवलं.

"तीन आठवडे आलेच नाहीयेत," ती म्हणाली. "वेल वाळली असती तर मी फोन केला असता, पप्पा. वाळलीच नाही."

महेंद्र कुणाला न विचारता व्हॅन घेऊन निघाला. दार आतून बंद होतं. शेजारच्या गीताबाई बाहेर आल्या. म्हातारा लेकाकडं परदेशी गेला असंल असं वाटलं, त्या म्हणाल्या. रात्री आत उजेड दिसायचा, पण तो घालवायचा राहिला असंल म्हणून लक्ष दिलं नाही. त्या दाराजवळ मात्र आल्या नाहीत. पदर नाकाला लावून अंगणातच थांबल्या. महेंद्रने दाराला कान लावला. आतून पाल्याचा आवाज येत नव्हता. कसलाच येत नव्हता.

पोलिसांनी दार तोडलं. मारुतराव मोरीच्या उंबऱ्यात होते. घरात उघडलेली एकही बाटली नव्हती. ते दारूने गेले की घसरून पडले, की नुसते वाट बघत राहिले, हे पुढे कुणाला नीट सांगता आलं नाही. पंचनामा होईपर्यंत महेंद्र बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकून उभा होता. कॉम्प्युटर चालूच होता. हवालदाराचा धक्का लागला आणि काळा पडदा उजळला. मांडवभर वेल, शंभर घड, एकही पान पिवळं नाही.

"हे काय म्हनायचं?" हवालदाराने विचारलं.

"वेल हाय," महेंद्र म्हणाला.

करुणाने दुसऱ्या दिवशी नोकरी सोडली, महेंद्रने महिनाअखेरीला. मैत्रेयीच्या नावाने आता दुसरी मुलगी लिहू लागली. 'पुतळा'ची खूण कुणी काढली नाही, त्यामुळे ती वेल पुढे दोन वर्षं, कंपनी बंद पडेपर्यंत, हिरवीच होती. मळ्यात पाटी लागली नाही.

महेंद्रने मस्कतला मुलाच्या पत्त्यावर दोनदा लिहिलं. उत्तर आलं नाही. मारुतराव शेलार यांचे चाळीस रुपये महेंद्र खरातकडून अजून येणे आहेत.