कडेपासून कडेपर्यंत माटोळी

आमच्या घराण्यात नम्रपणाची रीत नाही. काका जन्मभर पेडणे–म्हापसा बसवर कंडक्टर होते, पण तिकीट असं द्यायचे की घेणाऱ्याला वाटावं, आपल्याला जमीन बक्षीस मिळाली. मी जत्रेतल्या नाटकांत राजाची कामं करतो आणि मिशी उतरवल्यावरही दोन दिवस राजाच असतो. तेव्हा गेल्या वर्षी गणपतीच्या चवथीच्या आधी मी कॅमेरा घ्यायला निघालो, तो गुपचूप निघणं शक्यच नव्हतं. डिचोलीत, जिथं माझी नोकरी आणि बिऱ्हाड आहे, तिथल्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं की मी मिररलेस घेणार. मिररलेस म्हणजे काय हे त्याने विचारलं नाही, तरी मी सांगितलं.

कॅमेरा ठरला होता, तळहातात मावेल एवढा. घोळ होता लेन्सचा. म्हापशाच्या दुकानदाराने काचेवर दोन मांडल्या. एक झूम, चकलीच्या सोऱ्यासारखा आत-बाहेर होणारा. कडं फिरवलं की अख्खी खोली मावते, उलटं फिरवलं की खोलीतल्या माणसाचं नाक. दुसरी प्राइम, पन्नास मिलिमीटरची, हिंगाच्या डबीएवढी. तिला एकच नजर. वस्तू मोठी दिसायला हवी तर तुम्ही पुढे जायचं, जास्त मावायला हवं तर तुम्ही मागे सरायचं. त्या बदल्यात ती अंधाऱ्या खोलीतही उजेड पिऊन घेते आणि नेमकं एक सोडून मागचं सगळं लोण्यासारखं विरघळवते.

"सर, झूम सेटमध्येच येतो," दुकानदार म्हणाला. "घरगुती फोटोंना तोच बरा."

घरगुती! मला तो शब्द लागला. महिनाभर मी मोबाइलवर मोठमोठ्या फोटोग्राफर लोकांचे व्हिडिओ बघत होतो आणि त्यांतला एकही घरगुती नव्हता.

"झूम हे आळशाचं भिंग," मी दुकानात मोठ्याने म्हणालो. शेजारी पासपोर्टचे फोटो न्यायला आलेली दोन माणसं वळून बघू लागली, म्हणून आणखी मोठ्याने म्हणालो, "नजर आपली हवी!"

बायको सोबत होती. ती डिचोलीची, तिच्या माहेरी खनिजाचे ट्रक होते, त्यामुळे तिला यंत्राकडे भक्तिभावाने बघायची सवय नाही. तिने एवढंच विचारलं, "घरात फोटो काढताना मागं सरायला जागा कुठाय?"

राजे अशा प्रश्नांना उत्तरं देत नाहीत. प्राइम कॅमेऱ्याला लागली आणि सेटमधला झूम घरी येऊन कपाटात गेला, पिशवीतून बाहेरसुद्धा न निघता.

चवथीला आम्ही सगळे पेडण्याच्या घरी जमतो. पाच दिवसांचा गणपती, आणि त्याच्या डोक्यावर छताजवळ टांगलेली माटोळी. माटोळी म्हणजे लाकडी चौकट. तिच्या प्रत्येक चौकोनात रानातलं आणि बागेतलं काहीतरी लोंबतं: नारळ, सुपारीचे घोस, केळ्यांचा घड, आंबाडे, तोरिंजन, निरफणस, लालभडक कवंडळं. केवणीच्या सालीच्या दोराने बांधायचं. कोणाच्या शेजारी कोण, हे प्रत्येक घराचं वेगळं. आमच्या घराचं फक्त काकांना येतं. त्यांना विचारलं तर सांगता यायचं नाही. वर बघून हात पुढे केला की ते हाताला आठवायचं.

आणि काकांचा उजवा हात खांद्याच्या वर जाईनासा झाला होता. त्या वर्षी त्यांनी मेजावर स्टूल ठेवलं, स्टुलावर स्वतः चढले आणि चौकट छातीसमोर आल्यावर माटोळी बांधली. खालून आम्ही सगळे स्टूल धरून ओरडत होतो. उतरल्यावर काकीने निकाल दिला की पुढच्या वर्षी हा माणूस स्टुलावर दिसला तर ती गणपतीच्या आधी माहेरी जाईल. काका हसले नाहीत. ते सरळ माझ्याकडे आले.

"तुजो तो नवो कॅमेरो आणलंस मां? माका सगळ्या माटोळीचो एक फोटू काढून दी. कडेपासून कडेपर्यंत. माझो झील पुण्यासून येतलो पुढल्या वर्साक बांदूक. तेका काय येना ना. फोटू भितीक लावतलंय, बघून बांदीत."

"एकच?" मी म्हणालो. "काका, असा काढतो की लोक गणपती सोडून फोटोच्या पाया पडतील."

घर भरलेलं होतं. मी सगळ्यांना बाजूला केलं, प्राइमवर एक छोटं व्याख्यान दिलं, त्यात आळशाच्या भिंगाचा उल्लेख दोनदा केला, आणि कॅमेरा डोळ्याला लावला. आत दिसला निरफणस आणि पाऊण नारळ.

मी मागे सरलो. नारळ पुरा झाला. आणखी सरलो, पाठ भिंतीला लागली, केळ्यांचा अर्धा घड आला. मग दरवाजातून उलट्या पावलांनी बाहेरच्या ओसरीत, आमच्या बलकांवात आलो, पाहुण्यांच्या चपला तुडवत. पण दरवाजाच्या चौकटीने वरचं सगळं कापलं. माटोळी छताशी, मी बाहेर: जितका मागे, तितकी ती चौकटीआड. अंगणात गेलो तेव्हा गणपतीचे नुसते पाय दिसत होते. जनेलातून बघितलं तर गज आडवे.

"ट्रकसुद्धा रिव्हर्स घेताना आवाज करतो," बायको बलकांवातून म्हणाली. "तुम्ही न सांगताच मागं येताय."

काका आतून ओरडले, "जल्मभर बशीत 'फाटी सर, फाटी सर' म्हणान घसो सुकलो, एक मेलो सरलो नाय. आणि हो बघा, तिकीट काडलां नाय तरी सरता!"

घर हसलं. मीही हसलो, सगळ्यांत मोठ्याने. तेवढ्यात बायको जवळ आली आणि फक्त मला ऐकू येईल असं म्हणाली, "झूम आणलाय मी. बॅगेत साड्यांखाली आहे. देऊ?"

तिथे सगळं संपलं असतं. कडं फिरवायचं, अख्खी माटोळी मावली असती. पण समोर सगळं घर बसलं होतं आणि आळशाचं भिंग हे शब्द अजून हवेत होते.

"नको," मी म्हणालो.

मी आत गेलो, माटोळीखाली उभा राहिलो आणि एकेक फळ टिपायला लागलो. मनात म्हटलं, तुकडे तुकडे काढू, नंतर जोडू. पण त्या तुकड्यांत मी स्वतःच हरवलो. कवंडळावर पाण्याचा थेंब होता. मागचं सगळं विरघळलं आणि ते एकटं लाल कवंडळ काळोखात दिव्यासारखं लागलं. मला इतका आनंद झाला की काकांनी "काडलंस?" विचारलं, तेव्हा मी मान वर न करताच म्हणालो, "काढला!"

हे पहिल्या दिवशी. पुढचे चार दिवस माटोळी जागच्या जागी होती. आरतीला मातीचं घुमट वाजायचं, मी समोर उभा असायचो, आणि माटोळीकडे बघायचं टाळायचो. रोज वाटायचं, सगळे जेवायला बसले की बायकोकडून झूम मागून घेऊ. पण सगळे एकदम जेवायला बसलेत असं चवथीच्या घरात कधी होतं? कोणीतरी बघणारं असायचंच. बायको दुसऱ्यांदा विचारायला आली नाही. जे एकदा विचारून झालं, ते ती पुन्हा विचारत नाही.

पाचव्या दिवशी गणपती पाण्यात पोचवून आलो. माटोळी उतरवली, वाटलीही. निरफणस माझ्या डिचोलीच्या सासरवाडीला गेला, केळी मुलांनी संपवली, नारळ घराघरांत गेले. वर रिकामी लाकडं राहिली आणि केवणीचे तुटके दोर.

मग काका म्हणाले, "हां, आता दाखय."

खरं म्हणजे तिथेच गप्प कबूल करायचं. पण टीव्ही समोर होता, कॅमेरा जोडायची वायर माझ्या खिशात होती, आणि प्रेक्षक बसलेले होते. जोडलाच. पहिला फोटो आला, ते थेंबाचं कवंडळ. "वा!" अख्खं घर. पुढे आंबाडे, सोन्याचे वाटावेत असे. "वा!" सुपारीचा एक दाणा, मागे हिरवं धुकं. काकी म्हणाली, "ह्यां आपल्या घरातलांच?" मला क्षणभर वाटलं, निभावलं.

काका खुर्ची पुढे ओढून बसले होते. "बरे आसत," ते म्हणाले. "आता सगळी दाखय."

मी बटण दाबलं. तोरिंजनची साल. दाबलं. केळ्याचं टोक. काका प्रत्येक फोटोला थोडे पुढे वाकायचे, पुढचा तोच असणार म्हणून. मी दाबत राहिलो, आणि फोटो संपले, आणि कॅमेऱ्याने आपणहून पुन्हा पहिला फोटो लावला. तेच कवंडळ. तोच थेंब.

काकांनी खुर्ची आणखी पुढे ओढली.

"ह्यां कवंडळ," काकांनी सावकाश विचारलं, "खंय बांदलेलां? नारळाच्या उजवीक काय डावीक?"

मला माहीत नव्हतं. फोटोतही नव्हतं, मागचं सगळं सुंदर विरघळलं होतं.

"काका, ती लेन्स..." मी सुरू केलं. त्यांनी हात वर करून मला थांबवायला बघितलं, पण हात खांद्यापर्यंतच आला आणि तिथेच राहिला.

मला ओरडतील असं वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, कंडक्टरच्या ओरडण्यात एक माया असते. ते उठले, गणपतीच्या रिकाम्या चौरंगासमोर गेले, आणि चटई न मागता सरळ जमिनीवर उताणे आडवे झाले. काकी धावली. "काय जालां?"

"काय जावंक नाय. असो हात पोचता."

खरंच. उभ्याने खांद्याच्या वर न जाणारा हात आडवं झाल्यावर सरळ छताकडे रोखता येत होता. बोटाने ते एकेक रिकामा चौकोन दाखवू लागले. "हंय नारळ. ह्येच्या बाजूक शिपटां सुपारीचां. कवंडळ... राव, राव." बोट हवेत फिरलं, एका चौकोनावर थांबलं. "ह्या. उजवीक."

कोणीतरी माझ्या हातात काहीतरी ठेवलं. बघितलं तर पिशवीतला झूम. बायको तोवर काकांच्या डोक्याखाली उशी द्यायला वाकली होती.

मी प्राइम काढली, झूम लावला, कडं फिरवलं. जागचा हललोसुद्धा नाही. अख्खी चौकट मावली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, तुटक्या दोरांसकट, आणि खाली काकांचं वर रोखलेलं बोट. काही म्हणजे काही कापलं गेलं नाही.

तो फोटो पेडण्याच्या घरी भिंतीला लावलाय. काकांनीच लावून घेतला. या चवथीला त्यांचा मुलगा स्टुलावर चढेल आणि बघून बांधायला मान वळवेल, तेव्हा त्यात त्याला सगळं दिसेल. फक्त फळं दिसणार नाहीत.