मागितलं त्याहून जास्त

तुमच्या धंद्याचे कागद ज्याच्या ताब्यात आहेत, तो माणूस फोनवरच्या एका दरडावणीपुढे किती वेळ टिकेल — कधी विचार केलाय? मी मिनिटभरही टिकले नाही. हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

मी चळवळीची पत्रकं वाचत वाढले. करबुडव्यांवर स्वतःही एक लिहिलं — जळजळीत, उद्गारचिन्हांनी भरलेलं. आणि नोकरी? मुलुंडच्या एका करसल्लागाराकडे. तिथे नियम साधा होता: लेखी नोटीस आल्याशिवाय काही द्यायचं नाही, आली तरी मागितलं तेवढंच, तेही अशिलाला कळवून.

आमच्या एक अशील — लताताई म्हणूया. निदान आता तरी नाव लपवते. मढला त्यांचा आणि भावाचा भागीदारीतला बंगला, शूटिंगला भाड्याने जायचा. त्यातून बाहेर पडून त्यांना सुक्या मासळीचा स्वतःचा धंदा काढायचा होता. भावाला अजून सांगायचं होतं. ठाऊक होतं ते फक्त वहिनीला — आणि आम्हाला.

एक दिवस कर खात्यातल्या साहेबाचा फोन आला. बंगल्याच्या भाड्याची माहिती हवी. नोटीस पाठवा म्हटलं, तर — "मॅडम, मला कायदा शिकवता? तुमच्या सरांना बोलावू का इथे?"

झालं. माझी सगळी क्रांती तिथेच संपली. मी अख्खं फोल्डरच मेल केलं — भागीदारी मोडण्याच्या मसुद्यासकट. वर स्वतःला बजावलं, देशाचं काम केलं! किती स्वस्त असतं ना, भित्र्या माणसाचं देशप्रेम?

साहेबाने सरळ भावालाच विचारलं, "भागीदारी मोडताय म्हणे?"

मग लताताई ऑफिसात आल्या, संतापलेल्या. "वहिनीच फुटली गं! दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं ना! आता तिचं तोंड बघणार नाही."

दुसऱ्या कुणाला — आणि हे त्या मला सांगत होत्या. मी काय केलं? चहा मागवला. म्हटलं, "असतात ताई अशी माणसं."

त्या दोघी आजही बोलत नाहीत. वहिनीने लेकराची शपथ घेतली, तरी नाही. साहेब उद्धट होता, पण मेल मी पाठवला. आणि त्यानंतर गप्प बसले, तेव्हा तर मला कुणी दरडावतही नव्हतं.

हा मजकूर आज त्या दोघींना पाठवतेय. माफी मागत नाही.

तुम्ही एक करा. तुमच्या करसल्लागाराला फोन लावा आणि विचारा — मला न विचारता माझं काय काय कुणाला दिलंत? घरातल्या कुणाकडे बोट दाखवायच्या आधी विचारा.