स्टेला अक्काचा येसप्पा

‘गाठ थायरॉइडची आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘साधी की वाईट, हे सुईच्या तपासणीत कळलं नाही. अर्धी ग्रंथी काढून तपासू.’

थायरॉइड म्हणजे गळ्यात पुढच्या बाजूला असलेली लहानशी ग्रंथी. तिच्या मागूनच आवाजाची नस जाते. ‘आवाज काही आठवडे बसू शकतो. क्वचित परत येत नाही,’ हेही त्यांनी सांगितले.

मी तशीही कमी बोलते. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, ‘तुला काय फरक पडणार? पंचाईत माझी. मला ओरडणार कोण?’ मी हसले. पण घरी येईपर्यंत गळ्यावरचा हात काढला नाही.

मी चौथीपर्यंत शिकले, तमिळ शाळेत. देवनागरी अप्पांनी शिकवली. आम्ही तंजावरचे मराठी, आजोबांपासून ख्रिस्ती. घरात मराठी, चर्चमध्ये तमिळ. प्रार्थना मी तमिळमधल्या, पाठ केलेल्याच म्हणत असे. दुसऱ्या कोणाची चिठ्ठी वाचून दाखवल्यासारखे वाटे. देव जवळ आहे, असे चर्चचे पाळक म्हणत. मला तो कधी जवळ वाटला नाही.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर पापनाशमची स्टेला अक्का होती. तिचे हेच ऑपरेशन एक दिवस आधी झाले होते आणि आवाज शाबूत होता. तमिळमध्ये येशूला लाडाने येसप्पा म्हणतात. ती त्याच्याशी घरच्या माणसासारखी बोलायची. ‘येसप्पा, ही इडली बघितलीस? विटेच्या जागी भिंतीत बसेल.’ नर्स शीर शोधू लागली की, ‘येसप्पा, हिला शीर दाखव.’ तिची शीर लगेच सापडे. मला तीनदा टोचले. मला राग आला, अक्काचा आणि तिच्या येसप्पाचाही.

नर्स म्हणाली, ‘अक्का, तुमच्या येसप्पाला माझी ड्यूटी बदलायला सांगा ना.’

‘सांगितलं. तो म्हणाला, आधी वेळेवर यायला शीक.’

सगळा वॉर्ड हसला. मी भिंतीकडे तोंड करून पडले.

ऑपरेशननंतर माझा आवाज गेला. ‘कुजबुजूही नका, त्याने गळ्यावर ताण येतो,’ डॉक्टर म्हणाले. मी प्रार्थना ओठांत पुटपुटत असे. तीही बंद झाली. चार दिवस नुसती कोमट कंजी, म्हणजे भाताची पेज, प्यायची आणि अक्काचे बोलणे ऐकायचे.

मग बायॉप्सीची वाट. बायॉप्सी म्हणजे काढलेला तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे. आम्हा दोघींना एकाच दिवशी बोलावले. माझी गाठ साधी निघाली. तिची कॅन्सरची. ‘हा बहुतेक बरा होणारा प्रकार आहे, पण उरलेली ग्रंथीही काढावी लागेल,’ डॉक्टरांनी तिला सांगितले.

बाहेर बाकावर ती रडली. मग पदराने डोळे पुसून म्हणाली, ‘चल येसप्पा, परत त्याच खाटेवर. तूही दमला असशील.’

सुटका माझी झाली होती, तरी हेवा मीच करत होते. कॅन्सर ऐकल्यावरही तिच्याजवळ कोणीतरी होते.

तिने माझा हात धरला. ‘माझ्यासाठी येसप्पाकडे माग गं.’

आवाज नव्हता. पाठ केलेले एकही वाक्य आठवेना. मनात मराठीच आली, तीही भांडणाची. ‘तू हिचाच का रे? हिची इडलीसुद्धा बघतोस. मला कधी बघितलंस? हिला सोडू नकोस. पण माझ्याकडेही ये.’

उत्तर आले नाही. पण कोणीतरी ऐकते आहे, असे पहिल्यांदा वाटले. त्याआधी मी त्याला स्वतःचे असे काही सांगितलेच नव्हते.

ज्यांच्या गळ्याला गाठ आली असेल त्यांनी डॉक्टरांना आवाजाबद्दल आधीच विचारावे. गप्प राहा म्हटले तर खरेच गप्प राहावे. माझा आवाज सातव्या आठवड्यात आला, थोडा जाडा. आता सांबार ढवळताना, कपडे वाळत घालताना मी देवाला मनात काहीबाही सांगत असते. काही दिवस तिथे कोणीच नसल्यासारखे वाटते. मग तेच सांगते.

स्टेला अक्काचे दुसरे ऑपरेशन झाले. परवा तिचा फोन आला, तेव्हा मी तिला हे सांगितले. ‘काय गं, मग येसप्पा बोलतो का आता तुझ्याशी?’

‘नाही अक्का. ऐकतो फक्त.’

‘माझ्याशी तरी कुठे बोलतो? दोघांचं मीच बोलते.’

ती हसली. मला तरीही तिचा हेवा वाटला. फोन ठेवून ते मी त्याला सांगितले आणि तिला जिवंत ठेवलेस म्हणून आभारही मानले.