सहा बोटांचा शिपाई

कॅनडातल्या हॅमिल्टनच्या पोलीस खात्यातून निवृत्त झालो तरी एका बशीची चौकशी मला अजून तपशिलासकट आठवते.

तक्रार ऐंशीच्या घरातल्या एका विधवा बाईंची होती. त्यांच्या कपाटातली चिनी मातीची जुनी बशी नाहीशी झाली होती. शतकांपूर्वी चिनी कारागिरांनी युरोपातल्या गिऱ्हाइकांसाठी रंगवलेली. मधोमध क्रुसावरचा येशू, खाली त्याच्या वस्त्रासाठी फासे टाकणारे शिपाई. बाईंना मोतीबिंदू, बशीचा फोटोही नव्हता. घरात जाणारे-येणारे दोघेच, भाचा आणि बाईंची देखभाल करणारी केअरगिव्हर. भाच्याने थेट केअरगिव्हरचं नाव घेतलं.

ती नागपूरची निघाली. मी मराठीत बोललो तशी म्हणाली, "सर, मी चोरी केली नाही. पण माझं पीआरचं अप्लिकेशन आता गेलंच ना?"

कॅनडात कायम राहायच्या परवानगीसाठी तिने अर्ज केला होता. स्टेटमेंट घेऊन मी तिला घरी पाठवलं.

बशीचं वर्णन आम्ही आसपासच्या दुकानांना कळवलं होतं. चार दिवसांनी शेजारच्या केंब्रिज गावातल्या एका जुन्या वस्तूंच्या दुकानदाराचा फोन आला. तशीच बशी विकायला आली होती. विकणारा तो भाचाच. आम्ही बशी ताब्यात घेतली, त्याला बोलावलं. तो शांतपणे म्हणाला, "ही माझी आहे. अशा बश्यांचे सेटच असायचे. आंटीची तिनेच चोरली."

खोटं सिद्ध कसं करायचं? मी केअरगिव्हरला पुन्हा बोलावलं. बशी सापडल्याचं सांगितलं नाही. फक्त म्हणालो, "ताई, चित्रात काय काय होतं ते सांगा."

तिने डोळे मिटले. "उजवीकडच्या शिपायाच्या हाताला सहा बोटं आहेत, सर. रोज पुसताना मोजायचे मी. हाताने काढलेलं ना, चुकलं असेल बिचाऱ्याचं."

मी मुद्देमालाच्या खोलीत जाऊन भिंग लावलं. बोटं सहाच होती.

भाच्यापुढे बशी आणि तिचं स्टेटमेंट ठेवलं. त्याने ते दोनदा वाचलं आणि मान खाली घातली. "आंटीला नीट दिसत नाही. वाटलं, कुणाला ओळखू येणार नाही."

बाई स्टेशनवर आल्या. केअरगिव्हरचे दोन्ही हात धरून त्यांनी विचारलं, "उद्या येशील ना?"

"येईन. पण कपाटाला कुलूप लावू या."

तिच्या फाइलसाठी बाईंनी स्वतः पत्र दिलं. काही महिन्यांनी तिचा फोन आला, "सर, पीआर झालं!"

एक कबूल करतो. चौकशीला मी आधी तिलाच बसवलं होतं, कारण तिच्यावर संशय घेणं सोपं होतं. त्यानंतर कुठल्याही घरात गेलो की मी आधी विचारायचो, इथली साफसफाई कोण करतं? आणि त्या माणसाला साक्षीदाराची खुर्ची द्यायचो.